मिस्त्रीचा कान

“अजून चढव,” आप्पा म्हणाले.

मी कटरचा खटका पूर्ण दाबला. शेडच्या पत्र्यांवर आपटून आवाज परत अंगावर आला. ओट्यावरचा चहाचा कप थरथरत कडेपर्यंत सरकला आणि परसूदादानं तो पडता पडता झेलला.

“मिस्त्री, कप जिंकला बघा, जत्रेच्या आधीच!” तो ओरडला.

आप्पा हसले नाहीत. त्यांचा स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरच्या स्क्रूवर होता आणि नजर खाली. मी दुसऱ्या हाताचा अंगठा थोडा वर उचलला. त्यांनी स्क्रू किंचित आवळला. आवाज स्वच्छ झाला, वर चढला, अजून वर, आणि त्या चढण्यात पातळ शिट्टीसारखं काहीतरी मिसळलं. मी अंगठा खाली केला. स्क्रू केसभर सैल झाला, शिट्टी गेली. मी अंगठा मुठीत घेतला. आप्पांनी स्क्रूड्रायव्हर काढून कानावर खोचला.

परसूदादाला वाटत होतं, मिस्त्री इंजिनाकडे बघतायत. ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

कटर म्हणजे झाडं तोडायचं पेट्रोलवरचं हातमशीन. पुढे लांब पातं, त्याच्याभोवती फिरणारी दातेरी साखळी, मागे नारळाएवढं इंजिन. आजऱ्याकडच्या आमच्या भागात प्रत्येक वखारवाल्याकडे दोन-तीन तरी असतात. रवळनाथाच्या जत्रेत त्यांची शर्यत लागायची. निलगिरीच्या ओंडक्याच्या तीन चकत्या पाडायच्या. ज्याच्या आधी पडतील तो पहिला. दुकानातून आणलेलं मशीन तसंच्या तसं घेऊन या शर्यतीत कुणी उतरत नसे. त्याआधी ते माझ्या वडिलांच्या, गुंडू मिस्त्रींच्या शेडमधून जाई.

सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. एकीतून पेट्रोल आणि हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर पडतो. आप्पा त्या खिडक्यांच्या वरच्या कडा बारीक कानशीनं घासून उंच करत. किती, ते नजरेनं. जरा जास्त झालं की पिस्टनची रिंग खिडकीत अडकून तुटते आणि सगळं सिलिंडर भंगारात जातं. सिलिंडरखालची पातळ पट्टी, गास्केट, काढून टाकत, म्हणजे दाब वाढतो. सायलेन्सरचं तोंड मोठं करत, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा. इथपर्यंतचं काम हाताचं आणि डोळ्याचं. शेवटचं काम कानाचं. कार्बोरेटरचा स्क्रू आवळला की पेट्रोल कमी जातं, सैल केला की जास्त. पेट्रोल जास्त गेलं तर इंजिन ओलं पडतं, भुरभुरतं, जोर धरत नाही. कमी गेलं तर सुकतं. सुकं इंजिन वाऱ्यासारखं पळतं, शिट्टी घालतं, आणि ऐन कापणीत पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. या दोहोंच्या मधली जागा सुईच्या नेढ्याएवढी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

“उद्या कडगावकराच्या मशीनला पाणी पाजायचं बघा, मिस्त्री,” परसूदादा म्हणाला. तो शर्यतीत कटर चालवायचा. हात खांबासारखे आणि जीभ सदा सुटलेली. “गेल्या साली माझ्या म्होरं येऊन मिशीला पीळ देत हुता त्यो.”

तो आप्पांच्या पाठीमागून बोलत होता. मी पाणी द्यायच्या निमित्तानं आप्पांच्या समोर आले.

“आप्पा, परसूदादा म्हणतोय, कडगावकराच्या मिशीचा पीळ काढायचा.”

“पीळ?” आप्पा मोठ्यानं म्हणाले. “मिशीच काढू की!”

परसूदादा खदाखदा हसला. मिस्त्री मोठ्यानंच बोलायचे; जन्म इंजिनात गेलेला माणूस, बोलणारच. आणि मिस्त्रीला दोनदा हाक मारावी लागते, कारण त्यांचं ध्यान कामात असतं. मिस्त्रीची लेक सावलीसारखी त्यांच्या मागं-पुढं असते, कारण आईविना वाढलेली. गावाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. मला कुणाला काही सांगावंच लागत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी बेळगावच्या डॉक्टरांनी आप्पांच्या दोन्ही कानांत बघून झाल्यावर मला बाजूला घेतलं होतं. आतली नस वाळली आहे, कानाला मशीन लावून उपयोग नाही, म्हणाले. इतकी वर्षं सायलेन्सर उघडा टाकून डोकं इंजिनावर धरलं, त्याचं फळ. बसस्टँडवर मी ते आप्पांना समोर बसून, ओठ सावकाश हलवत सांगितलं. त्यांनी शेंगांची पुडी सोडली, चार शेंगा फोडल्या, माझ्या हातावर दाणे ठेवले.

“वैजू, हे आपल्या दोघांत.”

मी मान हलवली.

“तसं न्हाई. रवळनाथाची आण घे. लंगडा मिस्त्री चालतो, एका डोळ्याचा चालतो. बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण मशीन आणंल?” मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझा कान माझाच हाय. लहानपणापासनं बसलीयास माझ्यापाशी. तू ऐक, मी करतो.”

मी आण घेतली. त्यानंतर त्या शब्दाचा उच्चार आमच्या घरात कधी झाला नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, काही महिन्यांचा प्रश्न आहे. ती बस मला कुठे घेऊन चालली आहे, ते कळलं नव्हतं. नंतर मामांनी निपाणीचं स्थळ आणलं, मी नको म्हणाले. गडहिंग्लजच्या वाचनालयातल्या सावंतबाईंनी कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्यासाठी शब्द टाकला. मी बाहेरून एम. ए. केलं होतं, वाचनालयाची कपाटं एका टोकापासून वाचत आले होते. बाई म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलगी त्यांना मिळायची नाही. मी म्हटलं, आप्पांना बरं नसतं. “काय होतंय त्यांना? परवा तर बाजारात खणखणीत बोलत होते,” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकांवर शिक्के मारू लागल्या. गावात बायका म्हणायच्या, मिस्त्रीनं भाकऱ्या थापायला लेक घरात ठेवून घेतली. मी तेही ऐकून घेई. आमच्या घरात ऐकायचं काम माझंच होतं.

त्या दिवशी परसूदादा मशीन घेऊन गेल्यावर आप्पांनी रॉकेलनं हात धुतले. मी चुलीपाशी होते. ते जेवायला बसले तसे पितळीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

“तुला कटाळा येत न्हाई व्हय गं?”

“कशाचा?”

“ह्याचाच.” त्यांनी हात गोल फिरवला. त्यात शेड, चूल, ते स्वतः, सगळं आलं.

“न्हाई,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं. ओठांवरून शब्द तेवढा कळतो, त्याचा सूर कळत नाही. ते भाकरी मोडून खाऊ लागले. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

जत्रेच्या सकाळी चांगलंच गार पडलं होतं. मैदानात दवानं ओल्या गवतावर ओंडके मांडले होते आणि भोवती दोरी. पंचांनी त्या वर्षी नवा नियम काढला: दोरीच्या आत चालवणारा आणि मिस्त्री, एवढेच.

“ताई, तू भाईर,” पंच म्हणाले.

“मी मशीन धरते त्यांचं.”

“परसू धरंल की. तुझ्या हातात काय जादू हाय?”

आजूबाजूचे हसले. आप्पा आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता असा झाला, जत्रेत हात सुटलेल्या लहान मुलासारखा. मग ते वळले आणि ताठ चालत आत गेले.

परसूदादानं मशीन सुरू केलं आणि मला लगेच शिट्टी ऐकू आली. काल दुपारच्या उन्हात बसवलेला स्क्रू. आज गार हवेत इंजिन सुकं पडलं होतं. अशा मशीननं पहिली चकती झटक्यात पडते. तिसरीला पिस्टन धरतो.

आप्पा मशीनवर वाकून माझ्याकडे बघत होते, पण आमच्यामध्ये डोकीच डोकी होती, फेटे होते, खांद्यावर घेतलेली पोरं होती. मी मागे धावले. उसाचा रिकामा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीवर चढले, सगळ्या जत्रेच्या देखत हात उंच केला आणि अंगठा खाली केला.

खाली कुणीतरी ओरडलं, “मिस्त्रीची पोरगी म्हणतीया, हरणार!” मोठा हशा झाला. कडगावकरानं खरोखरच मिशीला पीळ दिला.

आप्पांनी स्क्रू सैल केला. शिट्टी अजून होती. मी हात खाली घेतला नाही. त्यांनी आणखी केसभर फिरवला. शिट्टी गेली, आवाज भरला, गोल झाला. मी मूठ मिटली.

परसूदादानं तीन चकत्या पाडल्या तेव्हा कडगावकराचं पातं तिसऱ्या चकतीच्या अर्ध्यात होतं. लोकांनी दोरी तोडली. आप्पांना खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. “कान बघा मिस्त्रीचा!” कुणीतरी ओरडत होतं. “ऐन टायमाला ऐकून स्क्रू फिरवला, बघितलासा?” आप्पा सगळ्यांकडे बघून हसत होते, आणि त्यांतला एकही शब्द त्यांना कळत नव्हता, कारण इतकी तोंडं एकदम कुणाला वाचता येत नाहीत.

गर्दी पांगल्यावर ते देवळासमोरच्या पारावर टेकले. घामानं गुलाल ओघळला होता.

“जा, रवळनाथाशेजारच्या देवीची ओटी भरून ये,” ते म्हणाले. “मी हितंच बसतो.”

रस्त्यानं चालताना मी नेहमी त्यांच्या उजव्या हाताला असायची, कोपर धरून. गाव म्हणायचं, लेकीची माया. त्या दिवशी ते बसलेले होते, मी गेले.

मी गाभाऱ्यापुढे वाकले होते. घंटा वाजत होत्या, बायकांची गडबड चालली होती. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. जत्रेत हॉर्न वाजतच असतात, कुणी मान वळवली नाही. हा लांब वाजला, मग तुटक तुटक, घाईघाईनं. मागून लोड भरलेल्या इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि टायर घासले. ओटीचं तबक मी कुठे ठेवलं ते मला आजही आठवत नाही.

आप्पा देवाला फोडायचा नारळ घ्यायला रस्त्यानं चालले होते. पाठीमागून लाकडाचा ट्रक आला. चालवत होता सटुप्पा गावडे, शेजारच्याच वाडीचा.

मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पुढच्या दोन दिवसांत मी फारसं बोलले नाही आणि कुणी बोलायला लावलंही नाही. सगळं बाहेरून माझ्यापर्यंत येत होतं. लोकांनी सटुप्पाला खाली ओढून मारलं. ट्रकच्या काचा फोडल्या. पोलिसांनी त्याला नेला आणि मग जामिनावर सोडला. तो म्हणत होता, हॉर्न मारला होता. गाव म्हणत होतं, खोटं बोलतोय, दारू प्यायला असणार, नाहीतर मोबाईलवर बोलत असणार. आणि त्याला पुरावा काय? पुरावा आप्पांचा कान. इंजिनातली रिंग ऐकणाऱ्या माणसाला ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही, असं कधी होईल काय? ओसरीवर बसून बायका हेच बोलत होत्या, अंगणात पुरुष हेच बोलत होते. मी भिंतीला टेकून मध्ये बसले होते. उठून कुठे जाण्यासारखी जागा नव्हती. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाला सगळं गाव नदीवर आलं. आमच्याकडे त्या वेळी चार माणसं गेलेल्याबद्दल बोलतात. सरपंच बोलायला उभे राहिले.

“फाट्यावरनं फटफटी गेली तर गुंडू मिस्त्री घरात बसून सांगायचा, हिचं वायसर गेलंय. कान म्हंजे काय कान हुता तो! देवानं एकालाच दिला आन् एकदाच दिला.”

हे खरं होतं, चार वर्षांपूर्वीपर्यंत. त्यांच्यानंतर परसूदादा उभा राहिला. पुढारी असल्यासारखा घसा खाकरला आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला. “शर्यत मी न्हाई जिंकली,” तो म्हणाला. “मिस्त्रीच्या कानानं जिंकली.”

तेवढ्यात मागची माणसं हलली. सटुप्पा आला होता. एक डोळा सुजून मिटलेला, पायात चप्पल नाही. सगळे आडवे येण्याआधी तो पुढे येऊन रक्षेपासून हातभर अंतरावर उभा राहिला.

“पाया पडून जातो,” तो म्हणाला. “मग काय करायचं ते करा.”

परसूदादानं त्याची गचांडी धरली. “हॉर्न मारलास?”

“मारला.”

“खोटं!”

“देवाशप्पथ मारला. लांबनं मारला. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध चालले हुते. मला वाटलं, आता सरकतील. माणूस सरकतोच की वो हॉर्नला! म्हणून ब्रेकवर पाय...” त्यानं ओठ चावला. “पाय उशिरा गेला.”

“मग काय मिस्त्री बहिरा हुता व्हय रे?” मागून कुणीतरी ओरडलं, आणि दोघंतिघं रागानं हसले.

तात्या, आप्पांचे धाकटे भाऊ, पुढे झाले. सगळा विधी तेच करत होते. त्यांनी परसूदादाचा हात सोडवला.

“मारामारी नको,” ते म्हणाले. “रक्षा उचल. माझ्या भावाची रक्षा हातात घेऊन सांग, हॉर्न मारला म्हणून. मग आम्ही तुला काय बोलत न्हाई. देव बघून घील.”

सटुप्पा गुडघ्यावर बसला. त्यानं ओंजळीत रक्षा घेतली. नदीकाठच्या वाऱ्यानं ती बोटांमधून उडत होती. तो वर बघेना.

“बोल,” तात्या म्हणाले.

“मारला...” तो म्हणाला. मग थांबला. “मारला असंल.”

“असंल?”

“मला आता कायच कळंना वो. रातध्याड तेच डोसक्यात वाजतंय. तुमी सगळी म्हणतायसा, तसला कान हुता त्यांचा. मग मारला असता तर त्यांला ऐकू आला असता की.” त्याचे खांदे हलायला लागले. “न्हाईच मारला असंल मी. मलाच भास झाला असंल. न्हाई मारला.”

गर्दीतून एक मोठा सुस्कारा निघाला. तात्यांनी डोळे पुसले. परसूदादा खाली बसला. सगळ्यांना हवं होतं ते मिळालं होतं. आता हा माणूस हेच पोलिसांत सांगेल, कोर्टात सांगेल, बायकोला आणि पोरांना सांगेल आणि मरेपर्यंत स्वतःला सांगत राहील. आणि आप्पांचा कान गावात तसाच राहील, देवळाच्या घंटेसारखा. मी फक्त गप्प बसायचं होतं. त्याची मला सवय होती. आण रवळनाथाची होती, आणि ज्यांनी ती घ्यायला लावली, ते माझ्यासमोर राखेत होते. गावानं त्यांना अखेरचं म्हणून जे दिलं होतं, ते काढून घेणारी मी कोण?

सटुप्पा ओंजळ तशीच धरून बसला होता. ती कुठे ठेवायची, ते त्याला कळत नव्हतं.

मी पुढे झाले आणि बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. चार वर्षं घरात मी अशीच बोलत आले होते. आवाजाची गरजच पडली नव्हती.

“काय गं, वैजू?” तात्या म्हणाले. “पाणी पायजे?”

“हॉर्न वाजला होता,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. सटुप्पानंही मान वर केली.

“मी देवळात होते. मी ऐकला. लांब वाजला, मग तुटक तुटक वाजला. ह्यानं हॉर्न मारला होता.”

“मग गुंडूनं...” तात्यांनी माझा दंड धरला. “अगं, मग गुंडूला कसा ऐकू आला न्हाई?”

परसूदादा माझ्याकडे बघत होता. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या हाताकडे गेली आणि तिथंच थांबली. त्याला कळत चाललं होतं, बाकी कुणाला नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. शेवटच्या माणसापर्यंत जावा म्हणून आवाज मोठा केला, आप्पा बोलायचे तेवढा मोठा.

“आप्पांना ऐकू येत नव्हतं, तात्या. चार वर्षं. काहीच नाही. माझे आप्पा बहिरे होते.”